आर्थर हेंडर्सन व निःशस्त्रीकरण परिषद

इतिहासाच्या तासाला दोन महायुद्धांमधील वीस वर्षांचा भाग शिकवितांना वर्गांतून एक प्रश्न बहुधा दरवर्षीं येतो. पहिल्या महायुद्धांत लक्षावधि माणसें मेलीं, देशोदेशींचे संसार उघडे पडले, पुन्हां असें होऊं नये म्हणून राष्ट्रसंघ स्थापन झाला. मग वीसच वर्षांत दुसरें महायुद्ध कसें झालें? तें टाळण्यासाठीं झटणारें कोणीच नव्हतें काय? प्रश्न मुलाचा असला तरी तो लहान नाहीं, व पाठ्यपुस्तकांतील चार कारणांच्या यादीनें त्याचें समाधान होत नाहीं. म्हणून या अंकांत आम्ही एका मनुष्याचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवितों. हा मनुष्य झटला होता. लोखंड ओतण्याच्या कारखान्यांतून निघून तो इंग्लंडचा परराष्ट्रमंत्री झाला, सुमारें साठ राष्ट्रांच्या परिषदेचा अध्यक्ष झाला, आणि ज्या कामासाठीं त्यानें देह झिजविला तें काम त्याच्या डोळ्यांदेखत मोडलें. यशस्वी पुरुषांचीं चरित्रें आपण पुष्कळ वाचतों. अपयशाचेंहि एखादें वाचावें. यश कशानें हुकतें हें त्यांतच स्पष्ट दिसतें.

आर्थर हेंडर्सन यांचा जन्म १३ सप्टेंबर १८६३ रोजीं स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरीं एका गरीब कामकरी कुटुंबांत झाला. आर्थर दहा वर्षांचे असतांना वडील वारले व घराचा आधार तुटला. पुढें आईनें पुनर्विवाह केला आणि कुटुंब इंग्लंडच्या उत्तर भागांत, टाइन नदीच्या कांठीं वसलेल्या न्यूकॅसल शहरीं राहावयास गेलें. दगडी कोळसा, जहाजें आणि लोखंड यांवर जगणारें हें शहर. तेथें बाराव्या वर्षीं आर्थर एका कारखान्यांत ओतकाम शिकावयास लागले. वाळूचा साचा दाबून बसवावयाचा, त्यांत लोखंडाचा तापलेला रस ओतावयाचा, व तो निवेपर्यंत वाट पाहावयाची, असें हें काम. साचा कच्चा असेल तर रस फुकट जातो. आणि साचा कितीहि चांगला असला तरी रस वेळेवर ओतला नाहीं तर तो वाटेंतच थिजतो. ही दुसरी गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

सोळाव्या वर्षाच्या सुमारास एका सुवार्तिकाचा उपदेश ऐकून त्यांच्या मनांत पालट झाला व ते मेथॉडिस्ट मंडळींत दाखल झाले. पुढें ते स्वतः अवैतनिक उपदेशक म्हणून ठिकठिकाणच्या उपासनामंदिरांत बोलूं लागले. दारू त्यांनीं आयुष्यभर वर्ज्य मानिली. शाळेचें शिक्षण त्यांस थोडेंच मिळालें होतें. परंतु मंडळीच्या सभांतून उभें राहून बोलावयास आणि, त्याहून कठीण म्हणजे, दुसऱ्याचें बोलणें संपेपर्यंत ऐकून घ्यावयास ते शिकले. पुढल्या आयुष्यांत त्यांचें जें कांहीं नांव झालें तें वक्तृत्वासाठीं नव्हे, तर या दुसऱ्या गुणासाठीं झालें.

१८९२ सालीं ओतारी कामगारांच्या संघानें त्यांस आपला पगारी संघटक नेमिलें. कामगारांचा पुढारी म्हणजे संप पुकारणारा, असा समज त्या काळींहि होता. हेंडर्सन यांचें मत निराळें होतें. संपांत मालकाचा नफा बुडतो, पण कामगाराच्या घरांतली चूल विझते. म्हणून बोलणीं करून निकाल लागत असेल तोंवर संप करूं नये असें ते म्हणत. १८९४ पासून ते ईशान्य इंग्लंडच्या समेट मंडळावर कामगारांच्या वतीनें बसूं लागले. येथें ही मंडळें कां चालतात हें समजून घेतलें पाहिजे, कारण हेंडर्सन यांनीं पुढें जगाच्या राजकारणांत जें करूं पाहिलें तें याच नमुन्यावर. समेट मंडळाच्या मेजाभोंवतीं मालकांचे व कामगारांचे प्रतिनिधि समोरासमोर बसतात. दोघांनाहि त्याच गांवांत, त्याच कारखान्यावर पोट भरावयाचें असतें. निकाल लागला कीं मालकांचा प्रतिनिधि तो मालकांकडून पाळवून घेतो, कामगारांचा प्रतिनिधि कामगारांकडून. यांपैकीं एक जरी आपल्या बाजूस बांधूं शकला नाहीं, तरी मंडळ मोडतें.

१९०३ सालीं बार्नार्ड कॅसल येथील पोटनिवडणुकींत हुजूर व उदार अशा दोन्ही जुन्या पक्षांच्या उमेदवारांस मागें टाकून हेंडर्सन पार्लमेंटांत गेले. मजूर पक्ष तेव्हां बाल्यावस्थेंत होता. १९१२ पासून १९३४ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षें, त्या पक्षाचें चिटणीसपद त्यांनीं सांभाळलें. हिशेब, पत्रव्यवहार, भांडणें मिटविणें, नव्या माणसास जागा करून देणें, हीं कामें त्यांनीं न कंटाळतां केलीं. पक्षांतील माणसें त्यांस प्रेमानें आर्थरकाका म्हणत.

१९१४ च्या ऑगस्टमध्यें महायुद्ध पेटलें. त्यांचे सहकारी रॅम्से मॅकडोनल्ड यांनीं युद्धास विरोध करून पक्षाचें नेतृत्व सोडलें. हेंडर्सन यांनीं मात्र युद्धास पाठिंबा दिला व नेतृत्व पत्करलें. जर्मनीनें लहानशा बेल्जमवर केलेली चढाई त्यांस अन्यायाची वाटली, परंतु त्या निर्णयाची किंमत काय पडेल हें त्या वेळीं कोणासच दिसत नव्हतें. १९१५ सालीं ते शिक्षणखात्याचे प्रमुख म्हणून मंत्रिमंडळांत गेले. मजूर पक्षाचा मनुष्य इंग्लंडच्या मंत्रिमंडळांत बसण्याचा हा पहिला प्रसंग. बाराव्या वर्षीं भट्टीपुढें उभा राहिलेला मुलगा आतां देशाच्या सर्व शाळांची व्यवस्था पाहूं लागला. पुढल्याच वर्षीं, १९१६ सालीं, फ्रान्समध्यें सोम नदीच्या परिसरांत चाललेल्या घनघोर लढाईंत त्यांचा वडील मुलगा डेव्हिड मारला गेला. तिन्ही मुलगे सैन्यांत होते. एक परत आला नाहीं. याच महायुद्धांत आपल्याहि देशांतून दहा लाखांहून अधिक माणसें समुद्रापार गेलीं. साताऱ्याजवळील अपशिंगे गांवांत त्या युद्धांत कामास आलेल्या गांवकऱ्यांचें स्मारक आहे. तेथील बापांचें दुःख आणि लंडनमधील या मंत्र्याचें दुःख यांत भेद करण्याचें कारण नाहीं.

१९१७ सालीं ते सरकारच्या वतीनें रशियास गेले. तेथें झारशाही कोसळली होती व लोक युद्धास कंटाळले होते. तें सर्व पाहून हेंडर्सन यांचें मत पालटलें. स्टॉकहोम येथें सर्व देशांच्या, जर्मनीच्यासुद्धां, समाजवादी पुढाऱ्यांची शांततेसाठीं परिषद भरणार होती. तींत इंग्लंडच्या मजुरांनींहि भाग घ्यावा असें ते म्हणूं लागले. शत्रूशीं एका मेजावर बसण्याची कल्पना मंत्रिमंडळास सहन झाली नाहीं. मुख्य प्रधान लॉइड जॉर्ज व इतर मंत्री आंत त्यांच्या वर्तनाचा विचार करीत असतां, युद्धमंत्रिमंडळाचे सभासद असलेल्या हेंडर्सन यांस दाराबाहेर तिष्ठत ठेविण्यांत आलें. त्याच ऑगस्ट महिन्यांत त्यांनीं राजीनामा दिला. त्यानंतर शांततेचें काम हेंच त्यांचें मुख्य काम झालें.

युद्ध संपल्यावर व्हर्सायच्या तहानें राष्ट्रसंघ जन्मास आला आणि १९२० च्या जानेवारींत त्याचें काम सुरू झालें. पुढें त्याचें ठाणें स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा येथें पडलें. संघाची कल्पना पुढें रेटणारे अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन. परंतु त्यांच्याच देशाच्या सेनेटनें तहास मान्यता दिली नाहीं, व अमेरिका संघाबाहेर राहिली. जर्मनीस १९२६ पर्यंत आणि रशियास १९३४ पर्यंत संघांत जागा मिळाली नाहीं. महत्त्वाचे ठराव एकमतानें व्हावे लागत, आणि संघाजवळ स्वतःचें सैन्य नव्हतें. शिवाय घटनेंत एक मोठी फट होती. भांडणाचा निकाल एकमतानें लागला नाहीं, तर कांहीं मुदतीनंतर युद्ध करण्यास राष्ट्रें मोकळीं होतीं.

ही फट बुजविण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९२४ सालीं झाला. त्या वर्षीं इंग्लंडांत मजूर पक्षाचें पहिलें सरकार आलें व हेंडर्सन गृहमंत्री झाले. त्याच अधिकारांत ते जिनीव्हाच्या अधिवेशनास गेले. तेथें तयार झालेल्या जिनीव्हा करारांत लवाद, संरक्षण व निःशस्त्रीकरण या तीन गोष्टी एका दोरींत ओंवल्या होत्या. जो देश लवादास नकार देऊन लढाईस उभा राहील तो आक्रमक. आक्रमकाविरुद्ध इतर सर्वांनीं उभें राहावयाचें. आणि असा भरंवसा मिळाल्यावर सर्वांनीं शस्त्रें कमी करावयाचीं. हेंडर्सन यांस यांत त्यांच्या समेट मंडळाचें मोठें रूप दिसलें असावें. परंतु थोड्याच आठवड्यांत मजूर सरकार पडलें आणि मार्च १९२५ मध्यें हुजूर पक्षाच्या सरकारनें करार नाकारला. दूरच्या कोणत्याहि भांडणांत आपलें आरमार गुंतविण्याची हमी द्यावयास इंग्लंड तयार नव्हतें. पुढें लोकार्नोचा तह झाला, त्यानें जर्मनीच्या पश्चिम सीमेची हमी दिली, पूर्व सीमेची नाहीं. १९२८ सालीं पॅरिसमध्यें युद्धाचा त्याग करण्याच्या करारावर सह्या झाल्या. पण करार मोडणारास कोण अडविणार, याविषयीं त्यांत चकार शब्द नव्हता.

१९२९ च्या जूनमध्यें हेंडर्सन परराष्ट्रमंत्री झाले. इंग्लंडनें आपले कायदेशीर तंटे हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढें नेण्याचें बंधन त्यांच्या कारकिर्दींत पत्करलें. रशियाशीं तुटलेले संबंध त्यांनीं पुन्हां जोडले. जर्मनीच्या ऱ्हाइनलंड प्रांतांत तळ देऊन बसलेलीं परकी सैन्यें तहांतील मुदतीच्या पांच वर्षें आधीं, ३० जून १९३० रोजीं, निघून गेलीं, यांतहि त्यांचा हात होता. फ्रान्सचे ब्रियाँ व जर्मनीचे स्ट्रेसमान हे दोघेहि त्यांचा शब्द मानीत.

येथें एक गोष्ट लपवून ठेवणें चरित्रलेखकास शोभणार नाहीं. याच मंत्रिमंडळाच्या अमलांत मे १९३० मध्यें महात्मा गांधींस अटक झाली, सोलापुरांत लष्करी कायदा पुकारण्यांत आला, आणि जानेवारी १९३१ मध्यें तेथील चौघांस फांशी देण्यांत आलें. हिंदुस्थानचें खातें हेंडर्सन यांजकडे नव्हतें हें खरें. तरी ज्या मंडळांत ते बसत त्याच्या निर्णयांची जबाबदारी त्यांच्याहि वांट्यास येतेच. शांततेचा जो न्याय इंग्लंड युरोपांत मागत होतें, तो आपल्या अंकित देशांस लावण्यास तें तयार नव्हतें. या अपवादाची गोष्ट पुढें पुन्हां येणार आहे.

मे १९३१ मध्यें राष्ट्रसंघाच्या कौन्सिलनें येऊं घातलेल्या निःशस्त्रीकरण परिषदेचे अध्यक्ष म्हणून हेंडर्सन यांची निवड केली. या परिषदेचें मूळ व्हर्सायच्या तहांतच होतें. जर्मनीचें सैन्य एक लक्षावर आणून ठेविलें होतें. रणगाडे, लढाऊ विमानें व पाणबुड्या बाळगण्यास तिला मनाई होती. मात्र हें सर्व राष्ट्रांच्या शस्त्रकपातीची पहिली पायरी म्हणून करीत आहों, असें विजेत्यांनीं तहांतच लिहून दिलें होतें. तें वचन पाळण्यास बारा वर्षें लागलीं. केवळ पूर्वतयारीची समिति १९२६ पासून १९३० च्या अखेरीपर्यंत बसली होती. तीं वर्षें चांगलीं होतीं. ब्रियाँ व स्ट्रेसमान यांचा स्नेह होता, व्यापार वाढत होता, लोकांच्या मनांत आशा होती. ऑक्टोबर १९२९ मध्यें स्ट्रेसमान वारले व त्याच महिन्यांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. बेकारी देशोदेशीं पसरली. सप्टेंबर १९३० मध्यें हिटलरच्या पक्षाच्या जर्मन पार्लमेंटांतील जागा १२ वरून १०७ वर गेल्या. साचा घडविण्यांत पांच वर्षें गेलीं आणि तेवढ्यांत रस थिजूं लागला.

अध्यक्षांचीहि स्थिति पालटली. ऑगस्ट १९३१ मध्यें बेकारांच्या मदतींत कपात करण्याच्या प्रश्नावर मजूर मंत्रिमंडळ फुटलें. मॅकडोनल्ड यांनीं इतर पक्षांशीं मिळून नवें सरकार बनविलें; हेंडर्सन विरोधांत राहिले, आणि ऑक्टोबरच्या निवडणुकींत पार्लमेंटांतील आपली जागाहि गमावून बसले. परराष्ट्रमंत्री म्हणून ज्यांची निवड झाली ते हातीं कसलीहि सत्ता नसतांना, प्रकृति ढासळलेली असतांना, जिनीव्हास गेले. त्यांच्या स्वतःच्या देशाच्या शिष्टमंडळाचे नेते आतां त्यांचे राजकीय प्रतिपक्षी होते. दोन्ही पक्षांस बांधणारा मनुष्य समेट मंडळांत लागतो, असें आम्ही वर म्हटलें. अध्यक्ष हेंडर्सन आतां कोणासच बांधूं शकत नव्हते.

परिषद २ फेब्रुवारी १९३२ रोजीं भरली, पण ठरल्या वेळीं नव्हे, तासभर उशिरां. त्या तासांत राष्ट्रसंघाचें कौन्सिल निराळ्या कामांत गुंतलें होतें. पांच दिवसांपूर्वीं जपाननें चीनमधील शांघाय शहरावर हल्ला चढविला होता व त्याचा विचार तेथें चालला होता. जपान हें राष्ट्रसंघाचें मूळचें सभासद राष्ट्र. त्याचे प्रतिनिधि निःशस्त्रीकरण परिषदेंतहि बसले होते. आरंभच असा झाला. तरीहि लोकांची आशा मोठी होती. पहिल्याच आठवड्यांत निरनिराळ्या देशांच्या स्त्रियांनीं शांततेच्या मागणीवर गोळा केलेल्या लक्षावधि सह्यांचे गठ्ठे परिषदेपुढें आणून ठेविले. हिंदुस्थानचें शिष्टमंडळहि तेथें होतें, व आगाखान त्याचे प्रमुख होते.

मूळ भांडण फ्रान्स व जर्मनी यांचें. तें समजण्यास आपल्याकडील बांधाचें भांडण आठवावें. एक शेतकरी म्हणतो, शेजाऱ्यानें दोनदां माझ्यावर काठी चालविली आहे, म्हणून पंच माझ्या पाठीशीं उभे राहतील अशी हमी मिळाल्याखेरीज मी हातची काठी टाकणार नाहीं. दुसरा म्हणतो, माझी काठी काढून घेऊन बारा वर्षें झालीं. एक तर त्याचीहि काढा, नाहीं तर माझी परत द्या. दोघांच्याहि बोलण्यांत तथ्य आहे, आणि म्हणूनच तंटा कठीण. तो मिटविण्यास एकच मार्ग होता. तो म्हणजे पंचांनीं हमी देणें. ते पंच म्हणजे इंग्लंड व अमेरिका. राष्ट्रसंघाच्या हातीं सैन्य द्यावें अशी सूचना फ्रान्सनें परिषदेच्या आरंभींच मांडली होती. तिला त्या दोघांकडून पाठबळ मिळालें नाहीं. शस्त्रें कमी करा असा उपदेश दोघेहि फ्रान्सला करीत. पण उद्यां त्याच्यावर चढाई झाली तर आम्ही येऊं, असें कोणीहि म्हणेना.

मग प्रश्न तज्ज्ञांकडे गेला. सर्व शस्त्रें टाकावयाचीं नसतील तर निदान चढाईचीं शस्त्रें टाकावीं, असें ठरलें. आणि कोणतें शस्त्र चढाईचें व कोणतें बचावाचें यावर समित्या महिनेच्या महिने बसल्या. ज्याच्या आरमारांत मोठ्या युद्धनौका होत्या त्यास त्या बचावाच्या वाटत व दुसऱ्याच्या पाणबुड्या चढाईच्या. ज्याच्याजवळ पाणबुड्या होत्या त्यास याच्या उलट. जून १९३२ मध्यें अमेरिकेचे अध्यक्ष हूव्हर यांनीं धाडसाची सूचना केली : रणगाडे, मोठ्या फिरत्या तोफा व बाँबफेकी विमानें अजिबात बंद, आणि बाकीच्या शस्त्रबळांत साधारणपणें एकतृतीयांश कपात. पुष्कळ लहान राष्ट्रांनीं तिचें स्वागत केलें. मोठ्यांनीं तिचें गुणगान करून ती बाजूस ठेविली.

आतां त्या अपवादाची गोष्ट. विमानांतून बाँब टाकणें सर्वस्वीं बंद करावें ही मागणी परिषदेंत जोरानें पुढें आली होती. मार्च १९३३ मध्यें ब्रिटिश सरकारनें जो मसुदा मांडला त्यांत हें कलम होतें, परंतु त्याच्या शेंपटीस एक सवलत जोडलेली होती. दूरच्या कांहीं प्रदेशांत पोलिसी बंदोबस्तासाठीं बाँब टाकण्याची मोकळीक असावी. हे दूरचे प्रदेश म्हणजे इराकचीं वाळवंटें आणि आपल्या वायव्य सरहद्दीवरील पठाणांचीं गांवें. युरोपांतील घरावर पडणारा बाँब हा युद्धगुन्हा आणि वझिरीस्तानांतील घरावर पडणारा बाँब हा बंदोबस्त, असा त्याचा अर्थ. हा एक अपवाद नसता तर परिषद यशस्वी झालीच असती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जो अपवाद इंग्लंडनें आपल्यापुरता मागितला, तसाच एकेक अपवाद प्रत्येक मोठ्या राष्ट्राच्या मनांत होता. नियम सर्वांनीं पाळावा, मी सोडून. हेंच त्या वीस वर्षांतील सर्व शांततापरिषदांचें खरें दुखणें.

इकडे काळ थांबला नव्हता. ३० जानेवारी १९३३ रोजीं हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. मांचुरियाच्या प्रकरणीं दोष दिल्याबद्दल जपाननें मार्चमध्यें राष्ट्रसंघ सोडण्याची नोटीस दिली. त्या उन्हाळ्यांत सत्तरीस टेकलेले हेंडर्सन स्वतः पॅरिस, रोम, बर्लिन व प्राग येथें मंत्र्यांचे दरवाजे ठोठावीत फिरले. सप्टेंबरमध्यें ते पोटनिवडणुकींतून पुन्हां पार्लमेंटांत आले. १४ ऑक्टोबर १९३३ रोजीं इंग्लंडचे परराष्ट्रमंत्री सर जॉन सायमन यांनीं जिनीव्हांत नवी योजना मांडली. तींत जर्मनीस समानतेसाठीं आणखी कांहीं वर्षें थांबावयास सांगितलें होतें. त्याच दिवशीं जर्मन परराष्ट्रमंत्र्यांची तार अध्यक्षांच्या हातीं पडली. जर्मनी परिषद सोडून जात होती. राष्ट्रसंघहि सोडीत असल्याचें तिनें त्याच दिवशीं जाहीर केलें. सवलती देण्याजोगें जर्मनीचें सरकार होतें तेव्हां सवलती दिल्या गेल्या नाहींत. देऊं केल्या तेव्हां त्या घेऊन शांत बसणारें सरकार तेथें उरलें नव्हतें.

परिषद तेव्हांच बंद करावी असें पुष्कळांनीं सुचविलें. हेंडर्सन यांनीं ऐकलें नाहीं. जून १९३४ नंतर तिचें काम जवळजवळ थांबलें. तरीहि अध्यक्षानें तिचें विसर्जन केलें नाहीं. हा हट्ट होता, असें त्यांचे टीकाकार म्हणतात. मेलेल्या परिषदेचा देखावा उभा ठेवल्यानें लोकांस खोटी आशा वाटत राहिली, असाहि त्यांच्यावर आरोप आहे, आणि तो अगदींच निराधार नाहीं. परंतु मेजावरून जो प्रथम उठतो त्याच्यावर भांडणाचा दोष येतो, हें समेट मंडळांतील माणसास पक्कें ठाऊक असतें. तो दोष निदान शांततेच्या पक्षावर येऊं नये, एवढीच बहुधा त्यांची इच्छा असावी. डिसेंबर १९३४ मध्यें ऑस्लो येथें त्यांस त्या वर्षाचें शांततेचें नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. ज्या वर्षीं काम बुडालें त्याच वर्षीं कामाचा गौरव झाला.

मार्च १९३५ मध्यें हिटलरनें सक्तीची लष्करभरती जाहीर केली. ३ ऑक्टोबर १९३५ रोजीं इटलीनें अबिसीनियावर चढाई केली. त्यानंतर सतराव्या दिवशीं, २० ऑक्टोबरला, लंडन येथें हेंडर्सन यांनीं देह ठेविला. त्यांचें वय बहात्तर वर्षांचें होतें. राष्ट्रसंघानें इटलीवर व्यापारी बहिष्कार घातला, पण ज्यावर तिचे रणगाडे व मोटारी चालत तें तेल मात्र बंद केलें नाहीं. मे १९३६ मध्यें अबिसीनियाची राजधानी पडली. १ सप्टेंबर १९३९ रोजीं जर्मन सैन्य पोलंडांत शिरलें. एप्रिल १९४६ मध्यें राष्ट्रसंघ विधिपूर्वक विसर्जित झाला; संयुक्त राष्ट्रसंघ त्याच्या आधींच, १९४५ सालीं, स्थापन झाला होता.

तर मग वर्गांतील त्या प्रश्नास आमचें उत्तर असें : झटणारे होते. एकटे हेंडर्सनच नव्हे, अनेक होते, आणि त्यांपैकीं कित्येकांनीं आपल्या घरची माणसें युद्धांत गमावलीं होतीं. लोकांनाहि शांतता हवी होती. त्या सह्यांचे गठ्ठे खोटे नव्हते. उणें होतें तें दुसऱ्याच ठिकाणीं. शेजाऱ्यावर संकट येईल तेव्हां मी त्याच्यासाठीं उभा राहीन, असा शब्द द्यावयास बलवान राष्ट्रें तयार नव्हतीं. दिलेलें वचन वेळेवर पाळण्याइतकी घाई कोणास नव्हती. आणि नियमांत स्वतःसाठीं एक पळवाट ठेवावी, हा मोह कोणास आवरला नाहीं. शांतता सर्वांना हवी होती, पण तिची किंमत शेजाऱ्यानें भरावी, असें प्रत्येकास वाटत होतें.

पालकांस आमची एक विनंती आहे. मुलांस हा इतिहास तारखा पाठ करून घेण्यापुरता शिकवूं नये. घरीं दोन भावंडें भांडतात, तेव्हां आधीं त्यानें सोडावें मग मी सोडीन, हें वाक्य तुमच्या कानांवर पडत असेलच. त्या वेळीं तुम्ही काय करितां, हमी देतां कीं नुसता उपदेश करितां, हें मूल पाहत असतें. आणि विद्यार्थ्यांनो, ओतारी हेंडर्सन जगाचा तंटा मिटवूं शकले नाहींत. तरी सर्व उठून गेले तेव्हांहि ते आपल्या जागीं बसून होते, हें विसरूं नका. दुसऱ्याचें बोलणें संपेपर्यंत ऐकून घेण्यास ते तुमच्याच वयांत, कारखान्यांतून थकून आल्यावर, शिकले होते.